जुन्या फोनातली गेमबाग : लागवड ते काढणी

सावद्यातला माणूस शाळेतला धडा विसरेल, पण केळी लागवडीचं माहितीपत्रक विसरणार नाही. हवामान, जमीन, बेणं, पूर्वमशागत, लागवड, आंतरमशागत, पाणी, कीड-रोग, काढणी हा क्रम इथं पोराटोरांनाही पाठ असतो. म्हणून जुन्या अँड्रॉइड फोनवर कन्सोलचे गेम कसे चालवायचे, हे तेरा वर्षांच्या भाच्याला समजावताना मी तोच क्रम धरला. त्याने सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि पहिला प्रश्न विचारला, "मामा, ह्याले अनुदान हाये का?"

अनुदान नाही. बाकी सगळं खाली दिलं आहे.

पिकाची ओळख

एम्युलेटर म्हणजे सोंग घेणारं सॉफ्टवेअर. तमाशातला राजा तंबूत परतला की विडी ओढतो, पण फडावर उभा असेपर्यंत तो राजाच. तसा तुमचा फोन फोनच असतो. एम्युलेटर चालू असेपर्यंत तो दुसरंच यंत्र बनतो. १५ जुलै १९८३ रोजी जपानात विक्रीला आलेला निन्टेन्डोचा फॅमिली कॉम्प्युटर, किंवा ३ डिसेंबर १९९४ रोजी आलेलं सोनीचं प्लेस्टेशन.

आपल्याकडे मूळ निन्टेन्डो फार कमी घरांत आला. आला तो त्याचा सावत्र भाऊ. टीव्हीच्या मागे वायर खुपसायची, वरून कॅसेट दाबायची आणि चालली नाही तर काढून तिच्यात फुंकर मारायची. कॅसेटवर '९९९९ इन १' असं छापलेलं असे. आत मोजून थोडेच गेम नावं बदलून पुन्हा पुन्हा येत. फसवलं गेल्याचं कुणाला वाईट वाटत नसे, कारण ९९९९पर्यंत खाली जाऊन मोजायला सुट्टीच पुरत नसे.

आता सोंग घेणं फोनला जड का जातं, ते समजून घ्या. सावदा स्टेशनावरून केळी दिल्लीकडे जाते. शेतकरी लेवा गणबोलीत बोलतो, तिकडचा व्यापारी पंजाबी वळणाच्या हिंदीत. मधे एक दुभाषी बसवला, तर सौदा होईल, पण प्रत्येक वाक्य दोनदा बोललं जाईल. गेम एका चिपच्या भाषेत लिहिलेला असतो, तुमच्या फोनची चिप दुसरीच भाषा बोलते आणि एम्युलेटर हा मधला दुभाषी. म्हणून फोन मूळ यंत्रापेक्षा कितीतरी पट वेगवान लागतो. हुशार दुभाषी नेहमीची वाक्यं एकदाच भाषांतरित करून डोक्यात ठेवतो आणि पुढच्या वेळी थेट फेकतो. या युक्तीला तांत्रिक मंडळी डायनॅमिक रिकंपायलर म्हणतात. आपण तिला अनुभवी दलाल म्हणू.

हवामान

केळीला उष्ण हवामान मानवतं. फोनला मानवत नाही. मे महिन्यात आपल्याकडे पारा ४५च्या वर चढतो, तेव्हा फोन खेळायला बसण्याआधीच निम्मा शिजलेला असतो. चिप तापली की जळू नये म्हणून स्वतःचा वेग स्वतःच कमी करते. सकाळी सहाला पळणारा गेम दुपारी दोनला त्याच फोनवर म्हशीसारखा बसतो, तो यामुळे. दोष एम्युलेटरचा नसून पत्र्याच्या छताचा असतो.

उपाय सोपे आहेत. उन्हाळ्यात पहाटे किंवा रात्री उशिरा खेळावं. फोनचं रबरी कव्हर काढावं. फोन फ्रिजमध्ये ठेवू नये; बाहेर काढल्यावर आत पाणी धरतं आणि मग तो कायमचा थंड होतो. भाच्याने एकदा फोन डेझर्ट कूलरच्या तोंडाशी नेऊन धरला होता. आजीने पाहिलं आणि विचारलं, "काबरं रे भो, फोनले ताप आला का तुले?"

एक गोष्ट मात्र गमतीने घेऊ नका. माझ्या पहिल्या जुन्या फोनची बॅटरी एका उन्हाळ्यात पुरीसारखी फुगली आणि मागचं झाकण उचललं गेलं. अशी बॅटरी दाबायची नाही, टोचायची नाही, चार्जिंगला लावायची नाही आणि कचऱ्यात टाकायची नाही. फोन बंद करून, आग लागेल अशा वस्तूंपासून दूर ठेवून, ती ई-कचरा घेणाऱ्याकडे द्यायची. फुगलेली पुरी चांगली, फुगलेली बॅटरी वाईट, एवढं लक्षात ठेवलं तरी या प्रकरणाचा हेतू सफल झाला.

जमीन

फोनचे तीन प्रकार पडतात.

हलकी जमीन : १ जीबी रॅम, १.३ गिगाहर्ट्झची चार कोअरची चिप, ३२ बिटची अँड्रॉइड. सप्टेंबर २०१४मध्ये भारतात आलेले पहिले अँड्रॉइड वन फोन याच पोताचे. अशा फोनला कमी लेखू नका. फॅमिली कॉम्प्युटरची चिप अवघ्या १.७९ मेगाहर्ट्झवर चालायची आणि तिच्याजवळ कामापुरती २ किलोबाइट रॅम असायची. तुमच्या टाकाऊ फोनचा एकेक कोअर घड्याळाच्या हिशोबाने तिच्या सातशे पट वेगवान आहे. यात फॅमिली कॉम्प्युटर, गेम बॉय, सेगा मेगा ड्राइव्ह आणि गेम बॉय अॅडव्हान्स ही पिकं उत्तम येतात.

मध्यम जमीन : २ ते ४ जीबी रॅम, ६४ बिटची चिप, साधारण २०१६ ते २०१८मधले फोन. जानेवारी २०१७मध्ये आलेला रेडमी नोट ४ आणि त्यातली स्नॅपड्रॅगन ६२५ चिप ही या जमिनीची नमुनेदार ओळख. ही चिप फार तापत नाही, हा तिचा मोठा गुण. इथं पहिलं प्लेस्टेशन आरामात येतं. त्याची चिप सुमारे ३४ मेगाहर्ट्झची आणि मुख्य रॅम २ एमबी. सोनीच्या हातात धरायच्या पीएसपीचेही बरेच गेम निघतात. चिप ६४ बिटची आणि वर बसवलेली अँड्रॉइड ३२ बिटची, असं फसवं रानही सापडतं. बियाणं आणण्याआधी माती तपासावी.

भारी जमीन : असा फोन असेल तर तो जुना नाही, आणि तुम्ही हे पत्रक फुकट वाचत आहात.

आता प्रत्येक नवशिक्या विचारतो तो प्रश्न : पीएस२ चालेल का? उत्तर : नाही. प्लेस्टेशन २ची मुख्य चिप जेमतेम २९५ मेगाहर्ट्झची, हे ऐकून लोकांना वाटतं की आपला फोन तिला खिशात घालेल. पण त्या यंत्रात मुख्य चिपच्या जोडीला गणितं करणारे दोन वेगळे गडी आणि चित्रं काढणारा तिसरा, असे सगळे एकाच वेळी राबत असत. त्या सगळ्यांचं बोलणं एकट्या दुभाष्याने सांभाळायचं, तर दुभाषी दणकट हवा. डिसेंबर २०२१मध्ये आलेल्या एथरएसएक्स२ या एम्युलेटरच्या कर्त्यानेच स्नॅपड्रॅगन ८४५च्या ताकदीचा फोन असावा असं सुचवलं होतं. त्याने जानेवारी २०२३मध्ये काम थांबवलं. पीएस२साठी 'हनुमान : बॉय वॉरियर' हा भारतात घडवलेला गेम २००९मध्ये आला होता. त्याची डिस्क तुमच्याकडे असेल तर जपून ठेवा. द्रोणागिरी उचलणारा मारुती आहे तो. तुमच्या १ जीबीच्या फोनला तो उचलवणार नाही.

बेणं निवड

बेणं म्हणजे गेमची फाइल. आकार पाहून थक्क व्हाल. 'सुपर मारिओ ब्रदर्स' हा अख्खा गेम, त्यातले बत्तीस टप्पे, संगीत, कासवं, ढग, सगळं मिळून ४० किलोबाइटचा. मावशी रोज सकाळी सूर्योदयाचं जे 'शुभ सकाळ' पाठवते, त्या एका चित्राच्या जागेत सहसा दोन-तीन मारिओ राहतील. प्लेस्टेशनच्या सीडीत मात्र साडेसहाशे ते सातशे एमबीपर्यंत माल मावतो, पीएसपीच्या डिस्कमध्ये १.८ जीबीपर्यंत. ८ जीबीच्या फोनमध्ये निम्मी जागा अँड्रॉइडने आधीच सातबारावर चढवून घेतलेली असते, हे धरून चाला.

बेणं आणायचं कुठून? इथं मामा गंभीर होतो. एम्युलेटर बनवणं आणि वापरणं हा गुन्हा नाही. सोनीने कनेक्टिक्स या कंपनीला प्लेस्टेशनच्या एम्युलेटरवरून कोर्टात खेचलं, तेव्हा अमेरिकेच्या अपील न्यायालयाने २०००मध्ये निकाल कनेक्टिक्सच्या बाजूने दिला. मग २००१मध्ये सोनीने तो एम्युलेटरच विकत घेऊन बंद केला. बांधाच्या भांडणात हरल्यावर शेजाऱ्याचं शेतच विकत घेणारे लोक सगळीकडे असतात. पण एम्युलेटर कायदेशीर आहे म्हणून त्यात घालायचा गेम फुकटचा होत नाही. आपल्याकडे कॉपीराईटचा कायदा १९५७चा आहे आणि संगणक प्रोग्राम त्यात येतात. टिश्यू कल्चरने एका झाडाची हजारो रोपं करता येतात म्हणून दुसऱ्याच्या प्रयोगशाळेतून ट्रे उचलून आणता येत नाहीत.

स्वच्छ बेणं तीन ठिकाणी मिळतं. एक, स्वतःच्या मालकीच्या डिस्क. पहिल्या प्लेस्टेशनची सीडी साध्या कॉम्प्युटरच्या सीडी ड्राइव्हमध्ये वाचली जाते आणि तिची फाइल करता येते. दोन, हौशी लोकांनी नव्याने लिहून मोकळे सोडलेले गेम. जपानच्या दाइसुके अमायाने एकट्याने लिहिलेली 'केव्ह स्टोरी' २००४मध्ये फुकट वाटली गेली आणि ती जुन्या फोनवर सुरेख चालते. तीन, मेम या एम्युलेटरच्या कर्त्यांनी मालकांची परवानगी घेऊन आपल्या संकेतस्थळावर ठेवलेले 'ग्रिडली', 'रॉबी रोटो' असे थोडे आर्केड गेम.

आणि मुस्तफा? तो आला नाही तर आमच्या पिढीचा वाचक हे पत्रक इथंच मिटेल. कॅपकॉमने १९९३मध्ये काढलेल्या त्या आर्केड गेमचं खरं नाव 'कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स'. चार पात्रांतला पिवळ्या टोपीचा मुस्तफा आपल्या लोकांना इतका आवडला की त्यांनी गेमचं नावच बदलून टाकलं. बाकीचे तिघं बिनपगारी. मूळ नाव सांगितलं तर आजही निम्मे लोक 'हा कोणता?' म्हणतील. हा गेम घरगुती कन्सोलवर अधिकृतपणे कधी आलाच नाही, त्यामुळे पैसे हातात घेऊन उभं राहिलं तरी विकणारा दुकानदार नाही. तो कुठून आणावा, हे या पत्रकात नाही. पण त्याचं नाव लक्षात ठेवा, काढणीच्या वेळी लागेल.

पूर्वमशागत

रान साफ करण्याआधी घरच्यांना विचारावं. मी ताईचा जुना फोन 'फॅक्टरी रीसेट' करायला घेतला आणि बोट बटणावर असताना ती स्वयंपाकघरातून ओरडली, "अरे, त्यात आईच्या साठीचे फोटो हायेत!" पुढचे दोन तास फोटो काढून घेण्यात गेले. त्यात आईच्या साठीचे अकरा फोटो होते आणि कढईतल्या वांग्याच्या भरिताचे एकशे साठ.

फोटो उतरवून झाले की सिम कार्ड काढावं. बँकेचं आणि पैसे पाठवायचं अॅप या फोनवर अजिबात ठेवू नये. सुरक्षेचे नवे अपडेट येणं ज्याचं काही वर्षांपूर्वी बंद झालं, तो फोन तिजोरीच्या कामाचा नाही. मग सगळं पुसावं. पुसलेला फोन पहिल्या दिवसासारखा पळतो. हा वेग पाहून काहींना तो पुन्हा रोजच्या वापराला घ्यावासा वाटतो. मोह आवरावा. चार अॅप टाकली की तो पुन्हा बसतो.

लागवड

वाण दोन प्रकारचे. एका यंत्रापुरता एक एम्युलेटर, किंवा सगळी पिकं एकाच वावरात घेणारा रेट्रोआर्क. नोव्हेंबर २०१२मध्ये हेन्रिक रिडगार्डने प्रसिद्ध केलेला पीपीएसएसपीपी हा पीएसपीसाठी पहिल्या प्रकारचा उत्तम वाण. त्याच्या फुकट आणि सोनेरी अशा दोन आवृत्त्या आहेत; सोनेरी आवृत्तीत जास्तीचं काही नाही, पैसे देऊन कर्त्याची पाठ थोपटायची एवढंच.

रेट्रोआर्क घ्यायचा तर ३२ बिटच्या फोनला ३२ बिटचाच घ्यावा. त्यात 'कोअर' नावाची कलमं वेगवेगळी उतरवावी लागतात. हलक्या जमिनीसाठी हलकी कलमं आहेत : फॅमिली कॉम्प्युटरला क्विकनेस, सुपर निन्टेन्डोला स्नेस९एक्स २००५, गेम बॉय अॅडव्हान्सला जीपीएसपी, प्लेस्टेशनला पीसीएसएक्स रीआर्म्ड आणि आर्केडला मेम २००३ प्लस. नवी कलमं जास्त अचूक असतात, पण जास्त खातात. प्लेस्टेशनला बायोस नावाची ५१२ किलोबाइटची फाइल लागते आणि तिच्यावरही सोनीचाच हक्क आहे. रीआर्म्डमध्ये बायोसची बदली सोय आधीच असते, बरेच गेम त्यावर निघतात.

प्रत्येक यंत्राचं वेगळं फोल्डर करावं. मेमरी कार्ड एफएटी३२ पद्धतीचं असेल तर ४ जीबीपेक्षा मोठी एकच फाइल त्यात जात नाही. कार्ड खराब आहे म्हणून दुकानदाराशी भांडून आलेले दोन जण मला माहीत आहेत. त्यातला एक मी.

आंतरमशागत

हा सगळ्यात लांब टप्पा. रेट्रोआर्कच्या सेटिंगचा मेनू उघडला की केळीच्या बागेत चुकलेल्या माणसासारखं होतं. सगळीकडे सारखंच दिसतं, आणि आलो कुठून ते कळत नाही. नियम एकच : एका वेळी एकच गोष्ट बदला, खेळून पहा, मग पुढची.

जुने गेम सेकंदाला साठ चित्रं दाखवतात. म्हणजे एका चित्रासाठी फोनला साडेसोळा मिलिसेकंदांच्या आसपास वेळ मिळतो. तेवढ्यात जमलं नाही की आवाज आधी फाटतो, मग चित्र अडखळतं. अशा वेळी चित्राची बारकाई मूळ यंत्राइतकीच, म्हणजे एक पट ठेवावी. जुन्या टीव्हीसारखा पडदा दाखवणारे शेडर बंद करावेत. तरी भागत नसेल तर फ्रेम स्किप एकवर न्यावा, म्हणजे मधलं एकेक चित्र गाळलं जातं. दोनच्या पुढे गेलात तर मारिओ उडी मारतो इथं आणि उतरतो थेट खड्ड्यात. मधलं काही दिसत नाही.

चिपचा वेग जबरदस्तीने वाढवायचे उपाय सांगणारे भेटतील. कार्बाइड लावून पिकवलेली केळी बाहेरून पिवळी आणि आतून कच्ची असते. आणि त्यावर बंदीही आहे. फोनचंही तसंच होतं. कार्बाइडवाल्याचं ऐकू नका.

आता हाताचा प्रश्न. काचेवरच्या बटणांवर अंगठा कुठं टेकला ते कळत नाही आणि घाम आला की तो घसरतो. त्यात तुम्ही बागेतून घड उतरवून आला असाल, तर चीक. केळीचा चीक कपड्यावरून जात नाही, तो काचेवरच्या गेमला काय सोडणार! हात धुऊन बसावं. वायरचं गेमपॅड लावायचं तर फोन ओटीजी घेतो का, ते आधी पाहावं. खूप जुन्या फोनांत ती सोय नसते. ब्लूटूथचे हेडफोन टाळावेत. मारिओ आधी मरतो, त्याचा आवाज नंतर येतो. जुन्या फोनला इअरफोनची गोल भोकं असतात, नव्या महागड्या फोनांनी ती बुजवली. तेवढ्यापुरते तुम्ही श्रीमंत.

फोन उभा करायला स्टँड लागतो. तो विकत आणू नये. शेजारच्या फैजपूरला १९३६मध्ये काँग्रेसचं खेड्यात भरलेलं पहिलं अधिवेशन झालं, तेव्हा नंदलाल बोसांनी सगळी नगरी इथल्याच बांबू-तट्ट्यांतून सजवली होती. अख्खं अधिवेशन बांबूवर उभं राहिलं, तर पाच इंचांचा फोन का राहू नये?

पाणी व्यवस्थापन

चार्जिंग लावून खेळू नये. चार्जिंगची उष्णता आणि खेळाची उष्णता एकत्र आली की काय होतं, ते हवामानाच्या प्रकरणात पुरीसकट सांगितलं आहे. केळीला ठिबकने थोडं थोडं पाणी देतात, तसं बॅटरीलाही वीस ते ऐंशी टक्क्यांमध्ये खेळवावं. वीज कधी येणार आणि कधी जाणार, याचं वेळापत्रक शेतकऱ्याला जसं पाठ असतं, तसं खेळणाऱ्यालाही असावं. विमान मोड चालू ठेवल्यास बॅटरी जास्त टिकते आणि मावशीचं शुभ सकाळही येत नाही.

कीड व रोग

आवाज फाटतो, चित्र सावकाश चालतं : फोन तापला आहे किंवा कलम जड आहे. फोन गार होऊ द्या, हलकं कलम लावा.

गेम उघडताच पडदा काळा होतो : बायोस नाही, किंवा प्लेस्टेशनच्या दोन फाइलींपैकी एकच आणली आहे. बिन आणि क्यू ही जोडी असते. पोराला लग्नाला आणून पोरीला घरी ठेवल्यासारखं करू नका.

गेम चालतो, पण रंग उडालेले किंवा चेहरे गायब : चित्र काढायची पद्धत बदला. व्हल्कन असेल तर ओपनजीएल करा, किंवा उलट.

'अँड्रॉइडवर पीएस५ चालवा' असं अॅप दिसतं : हा सगळ्यात घातक रोग. सीएमव्ही व्हायरस लागलेलं झाड आपण शेजारची झाडं वाचावीत म्हणून मुळासकट उपटतो, तसं हे अॅप उपटावं. खेळायला आधी सर्व्हे भरा, मेसेज वाचायची परवानगी द्या, ओटीपी सांगा, असं कुठलाच खरा एम्युलेटर म्हणत नाही. जुना फोन १ जीबी रॅमवर पीएस५चं सोंग घेऊ शकत नाही. पण चोर एम्युलेटरचं सोंग हमखास घेऊ शकतो.

घरचे विचारतात, 'वय काय तुझं?' : यावर औषध नाही. चहा करून द्यावा.

काढणी

सगळं जमलं. आता खेळा. आणि इथं ती अडचण येते जी कुठल्याच पत्रकात छापलेली नसते.

एम्युलेटरमध्ये 'सेव्ह स्टेट' असतं. कुठल्याही क्षणी जागा राखून ठेवायची आणि मेलात की परत तिथंच. मूळ गेमवाल्यांनीही थोडी सूट ठेवली होती. 'कॉन्ट्रा'त दहा बटणांचा एक मंत्र दाबला की तीस जीव मिळतात. तो मंत्र मुळात काझुहिसा हाशिमोतो या कोनामीच्या माणसाने १९८६च्या 'ग्रेडियस'साठी रचला, कारण आपलाच गेम तपासताना त्याला तो जड जात होता. पण तीसही संपतात. सेव्ह स्टेट संपत नाही.

आर्केडच्या गेममध्ये तर आणखी पंचाईत. यंत्रात नाणं टाकायचं काम एम्युलेटर 'सिलेक्ट' बटणाला देतो. दाबा सिलेक्ट, पडलं नाणं. पुन्हा दाबा, पुन्हा पडलं. मी भाच्याला 'रॉबी रोटो' लावून दिला. त्याने पहिल्या मिनिटात तीस वेळा सिलेक्ट दाबून ठेवलं, बिनधास्त मरत राहिला आणि अर्ध्या तासात फोन माझ्या हातात देऊन म्हणाला, "मामा, ह्यात काय हाये?"

बरोबर होतं त्याचं. त्यात काही नव्हतंच. मुस्तफा आम्ही खेळायचो तेव्हा खिशात एक रुपया असे. तो नाण्याच्या फटीत गेला की हाताला घाम सुटायचा. मागे चार पोरं उभी, त्यातलं एक सल्ला देणारं, एक मरायची वाट पाहणारं. पहिल्या टप्प्यात मेलो तर उरलेली दुपार दुसऱ्यांचा खेळ बघत काढायची. आणि तो खेळ कसा खेळतात, हे आम्ही त्या बघण्यातच शिकलो. आठही टप्पे पार केलेला मुलगा गावात एखादाच असे आणि त्याला लोक नावाने ओळखत. यंत्र तेच, चित्रं तीच, मुस्तफा तोच. एम्युलेटरने सगळं हुबेहूब उतरवलं. फक्त तो रुपया त्याला उतरवता आला नाही. तो आपला आपणच घालावा लागतो.

म्हणून शेवटची सूचना. फोनशेजारी एक डबा ठेवा, वेफरचा रिकामा झाला असेल तो चालेल. सेव्ह स्टेट बंद. सिलेक्ट दाबायचं असेल तर आधी डब्यात खरा रुपया टाकायचा, मामानेही आणि भाच्यानेही. आमच्याकडे हा नियम लागू केल्यावर पहिल्या संध्याकाळी चार रुपये जमले आणि भाचा पाचव्या रुपयासाठी दहा मिनिटं विचार करत बसला. आजी बाजूला बसून तो कसा मरतो ते बघत होती आणि सल्ला देत होती.

डबा भरला की त्यातून पहिल्यांदा फोनची नवी बॅटरी आणा, शक्यतो पुढचा मे यायच्या आत.